बाबांनी शोधलेला खुनी

मुसळाचे घाव घालून दार तोडलं तेव्हा वहिनी बाजेवर एका कुशीवर निजली होती आणि तिचे गाल लाल होते. बाजेखाली शेगडी होती, निखाऱ्यांवर राख चढली होती. आत्या आत धावली, तिच्या कपाळावरून हात फिरवला आणि दार तोडणाऱ्या शेजाऱ्यांवरच चिडली. म्हणाली, "झोपली आहे पोरगी. उगाच दार तोडलं तुम्ही." मी वहिनीची तान्ही पोर उराशी धरून उंबऱ्याबाहेर उभी होते. वहिनीच्या तोंडावर असा रंग मी लग्नातसुद्धा पाहिला नव्हता. आत्यानं तिला हाका मारल्या, मग हलवलं, मग तळपाय चोळायला घेतले. चोळता चोळता तिला कळलं, ते मला तिच्या पाठीवरून दिसलं, पण तिचे हात थांबले नाहीत. कोणीतरी सायकलवर जाऊन बाबांना ऑफिसातून घेऊन आलं, तोवर ती चोळतच होती. बाबा उंबऱ्यात येऊन उभे राहिले. सुनेच्या तोंडाकडे त्यांनी आधी पाहिलं नाही. आधी कडी पाहिली. ती मोडून लोंबत होती, म्हणजे दार आतून लावलेलं होतं. मग ते आत्याला म्हणाले, "हात काढ. कोणी कशाला हात लावू नका."

हे वाक्य आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. बाबा वाचून दाखवायचे त्या पुस्तकांत मुडदा सापडला की कोणीतरी हेच म्हणायचा.

माझे बाबा रेल्वेत बडे बाबू होते. आमचं मूळ घर वर्धेकडचं, पण बदली होऊन रायपूरला आलो आणि बूढापाऱ्यात तलावामागच्या गल्लीत भाड्याच्या घरात राहिलो. आई मला आठवत नाही. मला वाढवलं ते आत्यानं. ती बाबांची धाकटी बहीण, लहानपणीच कपाळ पांढरं झालेली, सासरच्यांनी परत पाठवलेली. भाऊ माझ्यापेक्षा पुष्कळ मोठा, तोही रेल्वेत, बिलासपूरला ड्युटीवर असायचा आणि सुटी मिळाली की घरी यायचा. त्याचं लग्न झालं, वर्धेहून वहिनी आली, आणि घरात पहिल्यांदा कोणीतरी मोठ्यानं हसायला लागलं.

रेल्वेचा एक इंग्रज साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या बंगल्यातलं सामान लिलावात निघालं होतं. लोकांनी खुर्च्या घेतल्या, काचेचे दिवे घेतले. बाबांनी पुस्तकांची पेटी घेतली. त्या सगळ्या खुनाच्या गोष्टी होत्या, आणि आता विचार केला तर एकच गोष्ट होती. गावाबाहेर एक भला मोठा बंगला. बाहेर बर्फ, नाहीतर पुरानं रस्ता बंद. आत पाहुणे. सकाळी मालक त्याच्या खोलीत मरून पडलेला आणि खोलीला आतून कडी. मग एक हुशार माणूस येतो, एकेकाला विचारतो, आणि शेवटी सगळ्यांना बैठकीत बसवून एकाकडे बोट दाखवतो. दिवेलागण झाली की बाबा ओसरीवर बसून इंग्रजी पुस्तक हातात धरायचे आणि तोंडानं मराठीत सांगायचे. त्यांच्या सांगण्यात लॉर्डसाहेबाचा मालगुजार व्हायचा आणि मुख्य नोकराचा दिवाणजी. साहेब लोक चहाबरोबर काय खातात ते बाबांना ठाऊक नसावं, ते सरळ शंकरपाळे म्हणायचे. शंकरपाळे खाणाऱ्या इंग्रजांच्या खुनांवर मी मोठी झाले.

आत्या सूप घेऊन तांदूळ निवडत ऐकायची आणि मधेच बोलायची. एवढे नोकर असलेल्या घरात मुडदा दुपारपर्यंत पडून कसा राहतो, झाडायला कोणी जातच नाही काय, असं विचारायची. बाबा चिडायचे. एकदा ती म्हणाली, "मेला त्याच्यासाठी रडून नाही राहिलं कोणी, दादा. सारे आपले कुठं होतो अन किती वाजता होतो, हेच सांगून राहिले." त्यावर बाबांनी पुस्तक मिटलं आणि त्या संध्याकाळी पुढं वाचलं नाही.

शेवटच्या भागाआधी बाबा थांबायचे. ज्यानं त्यानं खुनी कोण ते सांगायचं, असा आमच्याकडे नेम होता. मी ज्याचं नाव उच्चारायला सोपं त्याचं सांगायचे. आत्या दर वेळी नवऱ्याचं नाव घ्यायची, गोष्टीत कोणाचा नवरा नसला तरी. बाबांचं कधी चुकायचं नाही, कारण ते शेवट आधी वाचून ठेवायचे. हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलली फक्त वहिनी. ती खांबाला टेकून म्हणाली, "मामाजी, खुणेचा कागद शेवटच्याच पानात काहून आहे?" बाबा हसले. सुनेचं बोलणं त्यांना चालायचं. मी तेच बोलले असते तर कान धरला असता.

हिवाळ्यात वहिनीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण ती शेवटी शेवटी आजारली आणि प्रवास नको म्हणून इथंच ठेवलं. घरभर डिंकाचा, मेथीचा, तुपाचा वास. आत्या पहाटे उठून हळिवाची खीर करायची. फुलबासन नावाची छत्तीसगढी दाई रोज यायची, तिनं कसल्या कसल्या मुळ्या उकळून काके पानी केलं. ते काळं कडू पाणी इकडच्या बाळंतिणी पितात, वहिनी नाक धरून प्यायची आणि मग मला जीभ दाखवायची. सकाळी दाई आधी वहिनीला तेल लावून कढत पाण्यानं न्हाऊ घालायची आणि खोलीत पोचवायची. मग अंगणात पाटावर बसून पाय पसरून पोरीला न्हाऊ घालायची. तोवर आत वहिनीला शेक. बाज सुंभाची, तिच्याखाली शेगडी, निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशेप. शेक घेताना अंगावर कपडा सैल असतो, म्हणून वहिनी आतून कडी लावून घ्यायची. पोरीला धुरी दिली की आईजवळ न्यायची, असा क्रम.

खोली अंधारी होती. भिंतीत उंचावर एकच झरोका. पौषातला तलावावरचा वारा त्यातून सरळ बाजेवर यायचा. बाबांनी सुटीच्या दिवशी स्टूल आणलं, फळी मापून कापली आणि झरोक्यावर ठोकली. मी खालून खिळे देत होते. उतरल्यावर ते हात झटकून म्हणाले, "आता माझ्या नातीले सर्दी होत नाही." मुलगी झाली म्हणून त्यांचं तोंड पडेल असं आत्याला वाटलं होतं, तसं झालं नाही हे सांगायला हवं. आत्यानं जुन्या लुगड्याच्या चिंध्या दाराखालच्या फटीत कोंबल्या. शेगडी ती अंगणात पेटवायची, निखारे लालबुंद होऊन धुराची रेघसुद्धा उरली नाही की मगच चिमट्यानं उचलून आत न्यायची. धूर लागतो म्हणून. आम्ही सगळे हेच मानायचो, धूर गेला म्हणजे भीती गेली. बाळंतिणीला जेवढं जपता येईल तेवढं जपलं, आणि त्यानंच ती मेली.

त्या दिवशी थंडी फार होती म्हणून आत्यानं शेगडी जास्त भरली. पोर न्हाऊन झाल्यावर रडायची थांबेना, तेव्हा दाईनं तिला माझ्या मांडीवर दिलं आणि उन्हात बसायला सांगितलं. उन्हात ती झोपली. मग उठवायला नको म्हणून तिला आत नेलं नाही. आत्या खिरीची वाटी घेऊन दाराशी गेली तेव्हा आतून उत्तर आलं नाही.

रेल्वेचे डॉक्टर आले. त्यांनी वहिनीला पाहिलं, मग शेगडी, मग दाराखालच्या चिंध्या, मग वर झरोक्याकडे मान करून पाहिलं. साध्या हिंदीत सांगितलं की कोळशातून विषारी हवा निघते, ती दिसत नाही, तिला वास नाही, बंद खोलीत माणूस झोपेतच जातो आणि गाल असेच लाल होतात. मला ते समजलं. मी चौथी पास झाले होते. बाबांना समजलं नसेल असं होणार नाही. पण ते डॉक्टरांना सोडायला दारापर्यंत गेले आणि परत येऊन म्हणाले, शेगडीला काय पाय असतात? आपोआप चालत आली का ती बाजेखाली?

वहिनीचे वडील वर्धेहून आले. उंच, वाळलेला माणूस. दिवस होईपर्यंत आमच्याकडे राहिले, पण ओसरीच्या कडेलाच बसायचे, आणि आमच्या घरचं पाणी त्यांनी घेतलं नाही. गल्लीत कुजबुज होती. सून कडी लावलेल्या खोलीत मेली म्हटल्यावर लोक जे बोलतात तेच. तेरावं झालं त्या दुपारी त्यांनी बाबांना विचारलं, "धडधाकट पोरगी दिली होती तुमच्या घरात. कोणामुळं मेली, तेवढं नाव सांगा. मंग मी जातो." ओरडून नाही विचारलं. बाबा म्हणाले, सांगतो.

तेव्हाच आत्याचं नाव ठरलं. घरातून कोणीतरी जाणार हे मला कळलं होतं. भाऊ मुलगा, बाबा कर्ते, दाई परकी. जिला जायला दुसरी जागा नव्हती अशी घरात एकच बाई होती.

बाबांनी सगळ्यांना बैठकीत बोलावलं. वहिनीचे वडील दाराजवळ, भाऊ भिंतीला टेकून, दाई उंबऱ्यावर, आत्या आणि पोरीला घेऊन मी सतरंजीच्या टोकाला. बाबा खिडकीकडे पाठ करून उभे राहिले. पुस्तकातला माणूस असाच उभा राहतो. मी त्यांना ओसरीवर रोज ऐकलं होतं, पण इतकं चांगलं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. आवाज शांत, एकेक शब्द सुटा. त्यांनी एकेकाला विचारलं, त्या वेळी कुठं होतास. भाऊ म्हणाला, बिलासपूरला, तुम्हाला माहीत आहे. दाई म्हणाली, "मैं तो लइका ला नहवावत रहेंव, बड़े बाबू," पोरीला न्हाऊ घालत होते, आणि तोंडाला पदर लावला. मी म्हणाले, उन्हात. स्वतःचंही सांगितलं बाबांनी, ते ऑफिसात होते. मग त्यांनी एकेकाला मोजून बाजूला काढलं. उरली ती आत्या. शेगडी तिनं भरली, रोजच्यापेक्षा जास्त भरली, दाराखाली चिंध्या तिनं कोंबल्या. कशासाठी, तेही त्यांच्याकडे तयार होतं. सून आली, घरच्या चाव्या एक दिवस तिच्या कमरेला जाणार, आणि ज्या बाईनं आपला संसार पाहिला नाही तिला दुसरीचा भरलेला संसार पाहवत नाही. मग ते वहिनीच्या वडिलांना म्हणाले, "जी सगळ्यांत जास्त सेवा करते, तिच्यावर कोणाचा संशय जात नाही. तिथंच आपण चुकतो."

आत्या इतकंच म्हणाली, "काहून असं बोलून राहिले, दादा?"

मी म्हणाले, "झरोक्याची फळी तुम्ही ठोकली, बाबा."

भाऊनं मान वर केली आणि परत खाली घातली. दाई अंगठ्यानं उंबरा कोरत राहिली. ही गोष्ट खोलीत सगळ्यांना माहीत होती. फळी काही लपलेली नव्हती, त्या खोलीचं दार उघडं होतं आणि बसल्या जागेवरून ती दिसत होती. बाबा पुढं आले आणि त्यांनी मला मारलं, तोंडावर, दोनदा. पोर मांडीवरून निसटता निसटता राहिली आणि किंचाळून रडायला लागली. वहिनीचे वडील बाबांकडे पाहू लागले. असं पाहत होते की आणखी थोडा वेळ गेला असता तर त्यांना हवं ते नाव त्यांचं त्यांना मिळालं असतं. बाबांच्या हनुवटीखालची शीर उडत होती. त्यांना इतकं भ्यालेलं मी आधी पाहिलं नव्हतं.

तेव्हा आत्या उठली, माझ्या आणि बाबांच्या मधे येऊन उभी राहिली. "पोट्टीले मारू नका, दादा. निखारे म्या नेले, म्या ठेवले. माझं नाव सांगा त्यायले, झालं."

ती असं का म्हणाली यावर मी जन्मभर विचार केला आहे. कधी वाटतं मला वाचवायला. कधी वाटतं, बाबांचं नाव निघालं असतं तर घर बुडालं असतं आणि पोरीला दूध कुठून आलं असतं, हा तिचा हिशेब असेल. आणि कधी वाटतं तिला ते खरंच वाटत होतं. चिमट्यानं निखारे उचलून तिनंच नेले होते. तळपाय चोळतानाच तिनं स्वतःला दोषी धरलं असेल, बाबांनी नंतर फक्त बोट दाखवलं. तिला विचारायला वेळ मिळाला नाही. बाबांनी तिला आर्वीकडे तिच्या सासरच्या गावी पाठवायचं ठरवलं. ज्या घरानं तिला लहानपणी परत केलं होतं, त्याच घरी, आणि का पाठवतो आहोत ते आधी कळवून.

जायच्या दिवशी सकाळी तिनं मला बोंडल्यानं पोरीला दूध कसं पाजायचं ते दाखवलं. पोरीचं तोंड किती उघडू द्यायचं, दूध हाताच्या उलट्या बाजूवर टाकून कसं पाहायचं. मी रडत होते म्हणून तिनं माझ्या डोक्यात टपली मारली. "रडून काय राहिली? मान धरत जाय तिची. मान सांभाळली का बाकीचं पोरगं आपोआप वाढते." भाऊ तिला स्टेशनवर घेऊन गेला. बाबा ऑफिसात होते.

माझी शाळा तिथंच संपली. पोरीला पाहायला दुसरं कोणी नव्हतं. कधी कोणी विचारलं की तू पुढं का नाही शिकलीस, तर मी सांगते, घरात लहान मूल होतं. खोटं नाही ते. थोड्या दिवसांनी मी नळावरून पाणी घेऊन आले तर त्या खोलीत उजेड होता. फळी नव्हती. भिंतीला खिळ्यांची भोकं होती आणि खाली चुन्याची भुकटी, ती मीच झाडली.  त्यानंतर बाबा पुस्तकं एकटेच वाचायचे, ओठ हलायचे पण आवाज नसायचा. भाऊनं बिलासपूरलाच दुसरं लग्न केलं. पोरीला न्यायला तो आला नाही, आणि मीही तिला पाठवलं नसतं.

आता आम्ही तेलीबांधाला राहतो, पोरीच्या मुलाच्या फ्लॅटमध्ये. पोर म्हणजे शरयू, तिचेही केस पिकले. रायपूर राजधानी झालं, बूढापाऱ्यातलं ते घर पाडून तिथं मोबाईलची दुकानं झाली. शरयूचा मुलगा नव्या रायपूरच्या ऑफिसात जातो, घरी आला की टीव्हीवर खुनाच्या मालिका लावतो. तेच मोठे बंगले, तेच पाहुणे, आता रंगीत. मला मराठीत विचारलं तरी तो हिंदीत बोलतो. "नानी, बताओ कौन है? आप बताओ." मी उठून गॅस बंद आहे का पाहायला जाते. कोळशाच्या त्या हवेचं इंग्रजी नावही त्यानं मला सांगितलं. नाव कळून काय होतं? आमच्या घरीही सगळ्यांना नावच पाहिजे होतं.

आत्याची बातमी तेव्हाच, त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात आली होती. तिच्या सासरच्या गावचा एक माणूस कामानं रायपूरला आला होता, त्यानं ओसरीवर उभ्या उभ्या सांगितली. ती विहिरीत सापडली. पाणी काढताना पाय घसरला म्हणतात, असं तो म्हणाला. बाबांनी त्याला बसायला सांगितलं, मला चहा करायला लावलं. तिला पडताना कोणी पाहिलं होतं का, घरात कोण कोण होतं, विहिरीला कठडा होता की नाही, दोर आणि बादली कुठं मिळाली, यातलं एकही त्यांनी विचारलं नाही. माणूस चहा पिऊन गेला. बाबा आंघोळ करून आले आणि पुस्तक घेऊन बसले. मी शरयूला दूध पाजत होते.

वहिनी गेली, आत्या गेली, पुढं बाबा आणि भाऊही आपापल्या वेळेला गेले. त्या घरातली शरयू जगली आणि मी जगले.